का-कू करणारे इंग्रजी शब्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘हेझिटंट’, ‘रिलक्टंट’, ‘लोथ’, ‘अव्हर्स’, ‘रेटिसंट’, ‘डिफिडंट’ यांपैकी कुठलाही शब्द इंग्रजी-मराठी कोशात काढून पाहा. बहुतेकांपुढे ‘अनिच्छुक’ किंवा ‘संकोच करणारा’ एवढंच सापडतं, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. मराठी माध्यमातून शिकून नोकरीत, कोर्टकचेरीत किंवा भाषांतराच्या कामात इंग्रजी वापरणाऱ्यांना मी शिकवते. त्यांच्याकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उत्तर देताना मी आधी एकच पाहते : घोडं अडलंय कुठे? निर्णयात, इच्छेत, सदसद्विवेकात, आत्मविश्वासात की जिभेवर? ते ठरलं की शब्द निवडणं सोपं जातं.

‘हेझिटंट’ आणि ‘रिलक्टंट’ यांत नेमका फरक काय? दोन्हींचा अर्थ ‘तयार नसलेला’ असाच ना?

हेझिटंट माणसाचं अजून ठरलेलं नसतं. रिलक्टंट माणसाला आपल्याला काय हवंय ते पक्कं ठाऊक असतं. समोर आलेली गोष्ट त्याला नको असते.

मुलाखतीत विचारतात, ‘पुण्याहून बेंगळुरूला बदली चालेल का?’ उमेदवार म्हणाला, ‘आय ॲम अ लिटल हेझिटंट टू रिलोकेट,’ तर ऐकणाऱ्याला वाटतं की याच्या मनात घर, मुलांची शाळा, आईवडील असं काहीतरी घोळतंय. नीट माहिती दिली, थोडा वेळ दिला तर येईल. तोच उमेदवार ‘आय ॲम रिलक्टंट टू रिलोकेट’ म्हणाला, तर ऐकणारा समजतो की याला जायचंच नाही, पाठवलाच तर कुरकुरत जाईल. पहिल्याला माहिती लागते, दुसऱ्याची मनधरणी करावी लागते. एका शब्दाने मुलाखतीचा सूर बदलतो, म्हणून मी या जोडीवर सगळ्यात जास्त वेळ घालवते.

दोन्ही शब्द लॅटिनमधून आले. ‘हेझिटेट’च्या मुळाशी चिकटणं, अडकून राहणं हा अर्थ आहे, ‘ॲडहेसिव्ह’ त्याच घरातला. बोलताना अडखळणं हाही अर्थ लॅटिनमध्ये होताच. ‘रिलक्टंट’च्या मुळाशी कुस्ती आहे : विरोधात झटणं, अंग झाडून सुटू पाहणं. जॉन मिल्टनने १६६७ सालच्या आपल्या महाकाव्यात हा शब्द अशाच शारीरिक झटापटीच्या अर्थाने वापरला होता. नंतर ती झटापट मनात शिरली. आजही शब्द वापरताना हे चित्र डोळ्यांपुढे ठेवावं : एकाचा पाय अडकलाय, दुसरा ओढणाऱ्याशी झगडतोय.

आता ही दोन वाक्यं पाहा. ‘शी हेझिटेटेड बिफोर साइनिंग.’ सही करण्यापूर्वी ती घुटमळली. नंतर आनंदाने सही केलीही असेल. ‘शी साइन्ड रिलक्टंटली.’ पेन उचलताना हात क्षणभरही थांबला नसेल, पण सही मनाविरुद्ध झाली. घुटमळणं, अडखळणं, मागेपुढे पाहणं हे आपले शब्द पहिल्या बाजूचे. नाखुशीने, नाइलाजाने, मन मारून हे दुसऱ्या बाजूचे.

मग रिलक्टंट माणूस शेवटी ते काम करतो की नाही?

बहुतेकदा करतो. ‘अनविलिंग’ आणि ‘रिलक्टंट’ यांच्यात मुख्य फरक हाच. ‘अनविलिंग’ म्हटलं की दार बंद झाल्यासारखं वाटतं. ‘द विटनेस वॉज अनविलिंग टू टेस्टिफाय’ वाचल्यावर साक्ष झालीच नसावी असं आपण धरून चालतो. ‘रिलक्टंट विटनेस’ मात्र पिंजऱ्यात उभा राहतो आणि प्रत्येक उत्तर त्याच्याकडून ओढून काढावं लागतं.

जॉर्ज वॉशिंग्टनचं उदाहरण मला फार आवडतं. १७८९ साली अमेरिकेचा पहिला अध्यक्ष म्हणून त्याची निवड ठरल्यातच जमा होती. त्या वर्षी १ एप्रिलला त्याने आपला जुना सहकारी हेन्री नॉक्स याला पत्र लिहिलं. त्यात तो म्हणतो की सत्तेच्या खुर्चीकडे जाताना माझी मनःस्थिती वधस्थळाकडे निघालेल्या गुन्हेगारापेक्षा फारशी वेगळी नसेल. ३० एप्रिलला न्यूयॉर्कमध्ये त्याने शपथ घेतली. इथे ‘हेझिटंट’ म्हणणं चुकीचं ठरेल, कारण त्याचा निर्णय झाला होता. ‘अनविलिंग’ही चालणार नाही, कारण तो गेला. माउंट व्हर्नन हे आपलं घर आणि शेतीवाडी सोडून जायचं त्याच्या जिवावर आलं होतं आणि कर्तव्य म्हणून तो निघाला. ‘रिलक्टंट’ हा शब्द अशाच माणसासाठी आहे.

वरवरच्या नकाराला, म्हणजे आपण ‘आढेवेढे घेणं’ म्हणतो त्याला, काय म्हणायचं?

‘अ शो ऑफ रिलक्टन्स.’ ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये याची परंपराच आहे. नवा सभापती निवडला की सहकारी खासदार त्याला धरून खुर्चीपर्यंत ओढत नेतात आणि तो नको नको म्हटल्यासारखं करतो. एकेकाळी सभागृहाचं म्हणणं राजाला सांगण्याचं काम सभापतीकडे असे आणि राजाला ते न रुचल्यास जिवावर बेतू शकत असे. त्या काळची ही आठवण. आपल्या लोकसभेत पंतप्रधान आणि विरोधी पक्षनेते नव्या अध्यक्षांना सन्मानाने आसनापर्यंत घेऊन जातात. त्यात ओढाओढ नसते, म्हणून तिथे हा शब्दप्रयोग लागू पडत नाही.

‘कॉय’ हा शब्द आढेवेढ्यांच्या जवळ जातो, पण त्याला लाडिकपणाची छटा आहे. राजकारणी निवडणूक लढवणार की नाही हे हसून टाळतो, तेव्हा इंग्रजी वार्ताहर ‘कॉय अबाउट हिज प्लॅन्स’ लिहितात. ऑफिसच्या पत्रात सहकाऱ्याबद्दल, विशेषतः बाईबद्दल, हा शब्द मुळीच वापरू नये.

‘लोथ’ कधी वापरायचा? आणि त्याचं स्पेलिंग दोन प्रकारचं का दिसतं?

दिसतात ते दोन वेगळे शब्द. विशेषण आहे ‘लोथ’. शेवटचा उच्चार ‘थँक्स’मधल्या ‘थ’सारखा. क्रियापद आहे ते तिरस्कार करण्याचं; त्याच्या शेवटी ‘ई’ लागतो आणि उच्चार ‘लोद’कडे झुकतो, ‘दॅट’मधल्या ‘द’सारखा. ‘ई’ चुकून लागला तर ‘विकायला जिवावर येतंय’च्या जागी ‘विकण्याचा तिटकारा आहे’ असलं भलतंच वाक्य तयार होतं. संगणकाला ते चुकीचं वाटेलच असं नाही, कारण दोन्ही शब्द कोशात आहेत.

दोन्हींचं मूळ एकच. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ शत्रुत्वाचा, घृणास्पद असा होता. विशेषण पुढे सौम्य झालं, क्रियापद तसंच कडवट राहिलं. ‘लोथ’ हा ‘रिलक्टंट’पेक्षा जोरकस आणि जरा ग्रंथिक शब्द आहे. ‘ही इज लोथ टू सेल द ओल्ड हाउस’ म्हणजे वाड्यावर हातोडा पडायची वेळ आली तरी सही करताना पोटात तुटतंय. ‘जिवावर येणं’ हा मराठी वाक्प्रचार इथे चपखल बसतो. रोजच्या मेलमध्ये ‘लोथ’ लिहिलात तर भाषा नटवल्यासारखी वाटेल. लेखात, भाषणात जरूर वापरा.

‘अव्हर्स’ आणि ‘ॲडव्हर्स’?

‘अव्हर्स’ माणसं असतात, ‘ॲडव्हर्स’ परिस्थिती असते. पाठ फिरवलेला तो ‘अव्हर्स’. आपल्याविरुद्ध उभं ठाकलेलं ते ‘ॲडव्हर्स’. औषधाचे ‘ॲडव्हर्स इफेक्ट्स’, हवामान ‘ॲडव्हर्स’, गुंतवणूकदार मात्र ‘रिस्क-अव्हर्स’.

‘अव्हर्स’मध्ये प्रसंगापेक्षा स्वभाव असतो. आजच्या पुरती नाखुशी असेल तर ‘रिलक्टंट’, मुळातच नावड असेल तर ‘अव्हर्स’. त्याचं नकारार्थी रूप इंग्रज फार गोडीने वापरतात : ‘आय ॲम नॉट अव्हर्स टू अ कप ऑफ टी.’ याचा अर्थ ‘चहाची नावड नाही’ एवढ्यावर थांबत नाही. ‘चहा मिळाला तर बरंच होईल’ असा आहे. हे ऐकून चहा न आणणारा यजमान मी पाहिला आहे.

सॅम्युएल जॉन्सनने १७५५च्या आपल्या कोशात ‘अव्हर्स’नंतर ‘फ्रॉम’ यावं असं मत दिलं होतं. लोकांनी ऐकलं नाही. आज ‘टू’च लिहा.

‘ही वॉज रेटिसंट टू जॉइन’ हे बरोबर आहे का?

एकोणिसाव्या शतकापासून अमेरिकेत असा वापर आढळतो आणि नव्या कोशांनी त्याची नोंदही घेतली आहे. तरी माझा सल्ला स्पष्ट आहे : लिहू नका. ‘रेटिसंट’चा गाभा मौन आहे. बोलायची टाळाटाळ म्हणजे ‘रेटिसन्स’. यायची, द्यायची, करायची टाळाटाळ म्हणजे ‘रिलक्टन्स’. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेले आजोबा त्या दिवसांबद्दल घरात कधी चकार शब्द काढत नाहीत, ते ‘रेटिसंट अबाउट हिज जेल इयर्स’. इतका नेमका शब्द ‘रिलक्टंट’च्या जागी वापरून बोथट करण्यात काही लाभ नाही. चांगला संपादक अजूनही या ठिकाणी लाल रेघ मारतो.

‘संकोच’ म्हणजे ‘हेझिटेशन’ हे तरी नक्की ना?

नाही, आणि माझ्या मते मराठी माणसाचं इंग्रजी सगळ्यात जास्त इथेच अडतं.

आपला संकोच हा चार माणसांतला असतो. वडीलधाऱ्यांसमोर पाय पसरून बसायचा संकोच, परक्या घरी दुसऱ्यांदा भात मागायचा संकोच, पैसे परत मागायचा संकोच. मुळात त्या शब्दात आक्रसणं आहे. माणूस अंग चोरून घेतो. ‘हेझिटेट’मध्ये असा समाज नाही. अंधाऱ्या रस्त्यावर एकटा चालणारा माणूस डावीकडे वळू की उजवीकडे म्हणून थांबला, तरी तो ‘हेझिटेट’ करतो. संकोच मात्र करत नाही.

पंक्तीत आपण म्हणतो, ‘संकोच करू नका, घ्या अजून एक पोळी.’ इंग्रजीत इथे ‘हेझिटेट’ आणायचं कारण नाही. ‘डोंट बी शाय, हॅव अनदर’ किंवा नुसतं ‘प्लीज, हेल्प युअरसेल्फ’. ‘मला विचारायला संकोच वाटतो’ याला ‘आय फील ऑकवर्ड आस्किंग’ म्हणावं. ‘आय हॅव हेझिटेशन’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, पण ते मराठीतल्या ‘मला हेझिटेशन होतं’चं इंग्रजी कपडे घातलेलं रूप आहे. याउलट ‘आय हॅव नो हेझिटेशन इन रेकमेंडिंग हर’ हे शिफारसपत्रातलं अस्सल आणि जोरदार वाक्य आहे. प्राध्यापकांनी विद्यार्थिनीसाठी ते लिहिलं, तर तिने आनंद मानावा.

स्वतःच्या कुवतीबद्दल खात्री नसल्याने मागे राहणारा तो ‘डिफिडंट’. उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुलगी ‘डिफिडंट’ असते. तिला ‘रिलक्टंट’ म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे, कारण तिला बोलायचं असतं. शाळेच्या प्रगतिपुस्तकात ‘रिलक्टंट टू पार्टिसिपेट’ असा शेरा आला की पालकांना मुलगी आळशी किंवा हट्टी वाटते. ‘डिफिडंट’ लिहिलं असतं तर तिला जवळ घेऊन धीर दिला असता. शेरा लिहिणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हा फरक जाणून घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

या शब्दाचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. मूळ अर्थ अविश्वास, तोही दुसऱ्यावरचा. इंग्रज तत्त्वज्ञ टॉमस हॉब्जने १६५१ साली माणसामाणसांतल्या भांडणाची तीन कारणं सांगितली : स्पर्धा, ‘डिफिडन्स’ आणि कीर्तीची हाव. तिथे ‘डिफिडन्स’ म्हणजे शेजाऱ्यावरचा अविश्वास. पुढे हा अविश्वास उलटा फिरून स्वतःवर आला. सतराव्या शतकातला मजकूर भाषांतरित करत असाल तर इथे जपून.

राहता राहिला आपला ‘भिडस्त’. भिडेपोटी नाही म्हणता न येणाऱ्या माणसाला इंग्रजीत नेमका एक शब्द नाही. ‘ही फाइंड्स इट हार्ड टू से नो’ असं सरळ लिहावं.

ई-मेलच्या शेवटी ‘प्लीज डू नॉट हेझिटेट टू कॉन्टॅक्ट मी’ लिहावं का?

चूक काहीच नाही, फक्त वापरून वापरून गुळगुळीत झालंय. ‘काही विचारायचं असल्यास लिहा’ एवढंच सांगायचं असेल तर ‘प्लीज राइट टू मी इफ यू हॅव एनी क्वेश्चन्स’ पुरतं. जुन्या मराठी पत्रांत ‘कळवण्यास अनमान करू नये’ असं असायचं, आता ‘निःसंकोच संपर्क साधा’ असतं.

एक लक्षात ठेवा. हेच क्रियापद धमकीतही येतं. ‘वुई शॅल नॉट हेझिटेट टू टेक लीगल ॲक्शन’ म्हणजे कायदेशीर कारवाई करायला आम्ही मागेपुढे पाहणार नाही. वकिलाच्या नोटिशीत ते शोभतं. सोसायटीच्या सभासदाला पहिल्याच पत्रात लिहिलंत तर भांडणाला आमंत्रण.

‘व्हॅक्सिन हेझिटन्सी’ म्हणतात, ‘रिलक्टन्स’ का नाही?

२०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या लसीकरणविषयक तज्ज्ञ सल्लागार गटाने या प्रश्नावर एक कार्यगट नेमला. त्याने केलेल्या व्याख्येचा आशय असा : लसीकरणाची सोय उपलब्ध असूनही लस घ्यायला उशीर लावणं किंवा ती नाकारणं. २०१९ साली संघटनेने जागतिक आरोग्यापुढच्या दहा धोक्यांत याचा समावेश केला. कारणं तीन गटांत मांडली गेली : आजाराची भीतीच न वाटणं, केंद्रापर्यंत पोचण्याची अडचण आणि लसीवर किंवा ती देणाऱ्या यंत्रणेवर विश्वास नसणं.

व्याख्येत ‘नाकारणं’ आहे, म्हणून काटेकोरपणे पाहिलं तर ‘हेझिटन्सी’ कमी पडतो. तरीही निवड शहाणपणाची आहे. सगळ्या लसी विनातक्रार घेणारे आणि एकही न घेणारे यांच्यामध्ये मोठा जनसमूह असतो. तो एखादी लस घेतो, दुसरी पुढे ढकलतो, घेतली तरी मनातून धास्तावलेला असतो. त्याला ‘रिलक्टंट’ म्हटलं की दोष त्याच्या इच्छेवर जातो. ‘हेझिटंट’ म्हटलं की आशाताई त्याच्या ओट्यावर बसून त्याच्या शंकांना उत्तरं देऊ शकते.

‘हेझिटेशन’ क्षणाचं असतं, ‘हेझिटन्सी’ टिकून राहिलेली अवस्था असते. मराठीत मी इथे ‘संकोच’ वापरत नाही, ‘साशंकता’ वापरते. लस घ्यायला कुणी लाजत नसतं.

‘स्क्रुपल’, ‘क्वाम’, ‘मिसगिव्हिंग’, ‘रिझर्व्हेशन’ यांतला कुठला कधी?

‘स्क्रुपल’ म्हणजे बारीक टोकदार खडा, असं लॅटिन सांगतं. चपलेत खडा गेला की पाऊल टाकता येतं, पण प्रत्येक पावलाला तो टोचतो. सदसद्विवेकाची टोचणी तशीच. जुन्या इंग्रज औषधविक्यांच्या तराजूत ‘स्क्रुपल’ हे वजनही होतं : वीस ग्रेन, म्हणजे त्यांच्या औंसाचा चोविसावा भाग. ज्याला अशी टोचणीच नाही तो ‘अनस्क्रुप्युलस’. जी गोष्ट तत्त्वात बसत नाही म्हणून तुम्ही थांबता, तिथे ‘स्क्रुपल’.

‘क्वाम’ पोटातून येतो. मन मळमळल्यासारखं होणं. बहुधा नकारातच भेटतो : ‘शी हॅड नो क्वाम्स अबाउट फायरिंग हिम.’

‘मिसगिव्हिंग’मध्ये नीतीचा प्रश्न असेलच असं नाही. पुढे काहीतरी बिघडणार अशी धाकधूक असते. मनात पाल चुकचुकली, असं आपण म्हणतो ते हेच. भागीदारीच्या कागदावर सही केली, हातही मिळवला, पण समोरचा हिशेबाची वही दाखवायला का टाळत होता ही शंका जात नाही : ‘मिसगिव्हिंग्ज’. शब्द जवळजवळ नेहमी अनेकवचनी.

‘रिझर्व्हेशन’ला आपल्याकडे वेगळंच वजन आहे, त्यामुळे गैरसमज होतो. ‘आय हॅव अ रिझर्व्हेशन’ म्हणजे गाडीचं किंवा हॉटेलचं आरक्षण झालंय. ‘आय हॅव रिझर्व्हेशन्स अबाउट द प्लॅन’ म्हणजे योजना मला पूर्ण मान्य नाही, काही मुद्द्यांवर मी हातचं राखून आहे. अनेकवचन आणि ‘अबाउट’ यांच्यावर सगळा अर्थ तोललेला आहे.

बँक गॅरंटीत ‘विदाउट एनी डिमर’ असतं, ते काय आहे?

गॅरंटी देणारी बँक लिहून देते की लाभार्थीने मागणी करताच आम्ही रक्कम देऊ, ‘विदाउट एनी डिमर’. म्हणजे हरकत घेणार नाही, पुरावा मागणार नाही, ‘ठेकेदाराला विचारून सांगतो’ म्हणणार नाही. साध्या मराठीत, का-कू न करता. ही दोन-तीन अक्षरं कोट्यवधी रुपयांचा भार उचलतात. या वचनामुळेच भारतातली न्यायालयं अशी रक्कम सहसा रोखत नाहीत. उघड फसवणूक किंवा भरून न येणारं नुकसान असे मोजकेच अपवाद मानले जातात. म्हणून भाषांतर करताना ‘संकोच न करता’ लिहिणं धोक्याचं. ‘कोणतीही हरकत न घेता’ लिहा.

मूळ अर्थ थांबणं, रेंगाळणं असा होता. मालधक्क्यावर वॅगन ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त अडकवून ठेवली की रेल्वे ‘डेमरेज’ लावते, तो शब्द याच कुळातला. आज ‘डिमर’ करणारा नुसता रेंगाळत नाही, सौम्य शब्दांत आक्षेप नोंदवतो. बैठकीत सगळे माना डोलावत असताना एकजण ‘आय मस्ट डिमर’ म्हणाला, तर त्याचा नकार नम्र पण ठाम आहे असं समजा. ‘डिम्युअर’ मात्र वेगळा शब्द. त्याचा अर्थ शालीन, मर्यादशील.

‘बॉक’ हा शब्द बातम्यांत दिसतो. त्याचा घोड्याशी काही संबंध आहे का?

आहे, आणि शेताशीही. जुन्या इंग्रजीत हा शब्द शेतातल्या न नांगरलेल्या उंचवट्यासाठी होता, आपल्या बांधासारख्या. त्यावरून अडथळा, आणि अडथळ्यापाशी येऊन एकदम ठप्प होणं. शर्यतीचा घोडा उडीच्या आडव्याजवळ धावत येतो आणि ऐन वेळी चार पाय रोवून उभा राहतो, तेव्हा तो ‘बॉक’ करतो. माणसाच्या बाबतीतही तेच : इतका वेळ सगळं चालत होतं आणि एका मुद्द्यापाशी गाडी अडली. ‘द बायर बॉक्ड ॲट द प्राइस’ म्हणजे घर आवडलं, कागद पाहिले, आकडा ऐकताच अडून बसला. बुजणारा घोडा वेगळा; त्याला ‘शाय’ हे क्रियापद आहे आणि त्यात भीती असते, अडेलपणा नसतो.

‘वेव्हर’, ‘व्हॅसिलेट’, ‘डिदर’ हे एकच का?

तिघांतही तळ्यात-मळ्यात आहे. ‘वेव्हर’ करणाऱ्याचं आधी एक मत होतं, ते डळमळू लागलंय. ‘व्हॅसिलेट’ करणारा आज या टोकाला, उद्या त्या टोकाला, धरसोड. ‘डिदर’मध्ये गडबड आणि घाबरटपणा आहे, आणि टीकाही, इंग्रजी अग्रलेखात सरकार ‘डिदर’ करतंय असं आलं की संपादक चिडलेला आहे. ‘शिलीशॅली’ हे ‘शॅल आय, शॅल आय’ यावरून बनलं. करू का, नको करू का. ‘वॅफल’पासून जपा : अमेरिकेत त्याचा अर्थ डळमळणं, ब्रिटनमध्ये पाल्हाळ लावणं.

‘ॲम्बिव्हॅलंट’ला या रांगेत बसवू नका. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९१० साली तो घडवला. एकाच गोष्टीबद्दल ओढ आणि तिटकारा एकाच वेळी वाटणं म्हणजे ‘ॲम्बिव्हॅलन्स’. असा माणूस उदासीन नसतो, उलट त्याला दोन्हीकडून फार वाटत असतं.

‘प्रोक्रास्टिनेट’ आणि ‘प्रिव्हॅरिकेट’ यांची गल्लत होते.

होते, वर्तमानपत्रांतही. पहिल्यात ‘उद्या’ हा लॅटिन शब्द दडलाय, चालढकल करणं. दुसरा म्हणजे सत्य सांगायचं टाळून उडवाउडवीची उत्तरं देणं. मंत्री निर्णय लांबवत असेल तर पहिला, प्रश्नाला बगल देत असेल तर दुसरा. दुसऱ्यात अप्रामाणिकपणाचा आरोप आहे, म्हणून तो लिहिण्यापूर्वी खात्री करा. ‘इक्विव्होकेट’ त्याचाच भाऊ : मुद्दाम मोघम बोलायचं, दोन्हीकडे अर्थ निघेल असं.

‘टेम्पराइज’ म्हणजे परिस्थिती अनुकूल होईपर्यंत हेतुपुरस्सर वेळ काढणं. ही दिरंगाई शहाणपणाचीही असू शकते. इ.स.पू. २१७ मध्ये कार्थेजचा सेनापती हॅनिबलने रोमचा मोठा पराभव केल्यावर रोमन सेनापती फाबियसने त्याच्याशी समोरासमोर लढाई टाळली आणि त्याला दमवत ठेवलं. लोकांनी त्याला ‘दिरंगाई करणारा’ असं नाव ठेवलं, आणि पुढे तेच नाव गौरवाचं झालं. १८८४ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या फेबियन सोसायटी या समाजवादी संस्थेने ते अभिमानाने घेतलं. याच्या उलट अमेरिकन यादवी युद्धातला लिंकनच्या बाजूचा जनरल मॅक्लेलन. १८६२ साली अँटीटमच्या लढाईनंतरही तो शत्रूचा पाठलाग करीना, तेव्हा लिंकनने त्याला ‘द स्लोज’ झालंय, म्हणजे संथपणाचा रोगच जडलाय, असं म्हटलं आणि नोव्हेंबरमध्ये त्याला दूर केलं. बाहेरून पाहणाऱ्याला दोघंही थांबलेलेच दिसले असते. शब्द निवडताना थांबण्यामागे योजना होती का, हे आधी पाहावं लागतं.

‘कोल्ड फीट’ आणि ‘हेझिटेशन’ यांत फरक आहे का?

‘कोल्ड फीट’ ठरल्यानंतर होतात. साखरपुडा झाला, हॉल ठरला, पत्रिका वाटल्या आणि मग पाय लटपटले. ऐन वेळी कच खाणं. ठरण्यापूर्वीच्या विचाराला हा वाक्प्रचार लावू नये.

या शब्दांपुढे कोणतं शब्दयोगी लावायचं ते लक्षात राहत नाही.

‘रिलक्टंट’, ‘लोथ’, ‘हेझिटेट’ यांच्यापुढे ‘टू’ आणि साधं क्रियापद : ‘रिलक्टंट टू गो’. ‘अव्हर्स टू’च्या पुढे मात्र नाम किंवा ‘इंग’चं रूप : ‘अव्हर्स टू गोइंग’. ‘बॉक’ला ‘ॲट’. ‘श्रिंक’ आणि ‘रिकॉइल’ला, म्हणजे कचरून मागे सरण्याच्या क्रियापदांना, ‘फ्रॉम’, आणि त्यावरूनच बहुधा आपल्याकडे ‘हेझिटेट फ्रॉम’ ही चूक शिरली असावी; ती सोडून द्या. ‘क्वाम्स’, ‘मिसगिव्हिंग्ज’, ‘रिझर्व्हेशन्स’ तिघांनाही ‘अबाउट’. यादी पाठ करण्यापेक्षा प्रत्येकाचं एक वाक्य तोंडात बसवा.

इंजिनिअरिंगच्या पुस्तकात ‘रिलक्टन्स’ येतो, तो हाच शब्द?

हाच. विद्युत मंडलात रोध जसा प्रवाहाला विरोध करतो, तसा चुंबकीय मंडलात चुंबकीय प्रवाहाला होणारा विरोध म्हणजे ‘रिलक्टन्स’. इंग्रज शास्त्रज्ञ ऑलिव्हर हेविसाइडने १८८८ साली हा शब्द त्या अर्थी रूढ केला. लोखंडात तो कमी, हवेच्या फटीत खूप जास्त. ‘स्विच्ड रिलक्टन्स मोटर’ या गुणावरच चालते : तिचा लोखंडी रोटर, म्हणजे फिरणारा भाग, नेहमी जिथे विरोध सर्वांत कमी त्या जागी जाऊन बसू पाहतो, आणि वेटोळ्यांतला प्रवाह आळीपाळीने चालू-बंद करून ती जागा सतत पुढे सरकवली जाते. विरोध असला तरी प्रवाह जातोच, हे वॉशिंग्टनच्या ‘रिलक्टंट’शी तंतोतंत जुळतं. हेविसाइडला ‘हेझिटन्स’ म्हणून चाललं नसतं.